चहात पडलेलं दुकान

माझं दुकान केमिस्टनं चहात टाकलं. थट्टा नाही करत, खरंच टाकलं, चमच्यानं ढवळलं आणि वर म्हणाला की हल्ली साखर पूर्वीसारखी विरघळत नाही.

आता हे झालं कसं ते ऐका. आमच्या गावाचा मुख्य चौक नव्यानं बांधायचा ठरला. जुने फुटपाथ काढायचे, दुकानं सरळ रेषेत आणायची, मधे झाडं, बाकडी, दिवे. सगळं नीट होतंय की नाही हे पाहायला नगरपालिकेनं चार जणांची देखरेख समिती नेमली. एक नगरपालिकेचा इंजिनिअर, एक केमिस्ट, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि अध्यक्ष म्हणून आमच्या वन्सं. म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. नगरसेविका आहेत. गावात त्यांना मागून सगळे 'फुटपट्टी' म्हणतात, कारण पर्समध्ये कायम फुटपट्टी असते. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही.

समिती पहिल्यांदा चौकात पाहणीला उतरली तेव्हा प्रत्येक दुकानदारानं हाताला धरून आत ओढलं. "या, बसा, चहा घ्या, आमच्या पायरीचं तेवढं बघा." चार तासांत चार दुकानं झाली आणि गडबडीत पोस्टमास्तरांचा एक बूट गटारात गेला. वन्संनी त्याच दिवशी ठराव केला: समितीनं यापुढे चौकात उतरायचं नाही. चौकात गेलं की दबाव येतो. पाहणी मॉडेलवरच करायची.

मॉडेल म्हणजे टेबलाएवढा पुठ्ठ्याचा चौक. नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावर, सभागृहात. त्यावर पुठ्ठ्याची दुकानं, स्पंजची झाडं, टाचणीचे दिवे. माझं दुकान नगरपालिकेच्याच जिन्याच्या कोपऱ्यातलं, रुंदीला जेमतेम एक माणूस झोपेल एवढं. म्हणून मॉडेलवर त्याच्या वाट्याला एक छोटा पांढरा ठोकळा आला होता. आणि ही मंडळी चहा प्यायची कुठे, तर मॉडेलच्याच कडेवर कप ठेवून! शेजारी साखरेच्या चौकोनी वड्यांची बशी. शिपायानं डोळ्यांनी पाहिलं. केमिस्टचं लक्ष बोलण्यात, हात बशीकडे, आणि उचललं माझं दुकान. बराच वेळ ढवळलं, मग चमच्यानं काढून खिडकीतून भिरकावलं.

शिपाई मला हे सांगायला आला तेव्हा दोन महिने उलटून गेले होते. तोवर मॉडेलवर माझ्या जागी मोकळा कोपरा दिसत होता. मोकळा कोपरा दिसला की या लोकांना काय सुचतं? कारंजं! इंजिनिअरनं चित्रही काढलं. येत्या मंगळवारी शेवटची मंजुरी, आणि त्यानंतर माझं दुकान पाडून तिथं पाणी उडणार होतं.

सासऱ्यांनी हातात कानस देऊन मला त्या दुकानात बसवलं. गावातल्या निम्म्या कुलपांच्या किल्ल्या माझ्या हातच्या आहेत. माझ्या तर अंगाचा तिळपापड झाला. तशीच उठले आणि वन्संच्या घरी गेले.

"वन्सं, माझं दुकान मॉडेलवर नाहीये!"

"हरकत लेखी द्या, वहिनी," त्या फायलीतून मान वर न करता म्हणाल्या.

"अहो, रोज माझ्या दुकानावरून जाता! परवा आत बसून छत्री विसरलात!"

"ते मी नणंद म्हणून पाहिलं. ठरावानंतर अध्यक्ष म्हणून मी चौक पाहिलेला नाही."

मी कपाळावर हात मारला. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "तुमच्या बहिणीला सांगा काहीतरी." ते म्हणाले, "मी लहानपणी एकदा सांगून पाहिलं होतं," आणि पेपर वाचायला लागले. या माणसाचा काडीचा उपयोग नाही.

दिली मग लेखी हरकत. तीन दिवसांत उत्तर आलं, वन्संच्या सहीचं. 'आपण दिलेली जागा मॉडेलवर आढळत नाही. सबब आपण चौकातील दुकानदार नसल्यामुळे आपली हरकत विचारात घेता येत नाही.' खाली पेनानं लिहिलं होतं, 'छत्री रविवारी नेईन.'

आता कुणी म्हणेल, गुपचूप जाऊन नवा ठोकळा चिकटवायचा की! तेही बाकीच्यांनी आधीच करून ठेवलं होतं. शिंप्यानं नखानं ढकलून आपलं दुकान दोन हात पुढे आणलं. चष्मेवाल्यानं आपल्या छपरावर काड्यापेटी चिकटवून वर मजला चढवला. हे उघडकीला आल्यावर वन्संनी दुसरा ठराव केला: सभागृहाला नवं कुलूप लावायचं आणि बैठक आतून कुलूप लावूनच करायची. कुलूप बसवायला मला बोलवायचं की नाही? हाकेच्या अंतरावर होते मी! पण नाही. "नात्यातला व्यवहार नको," म्हणे. परगावाहून चकचकीत कुलूप मागवलं. शिपायानं मला किल्ली दाखवली. मी नुसती बोटांत धरली आणि सांगितलं, "ही किल्ली नव्हे, बिस्किट आहे. जोर लावाल तर मोडेल."

माझं ऐकतंय कोण?

मंगळवार उजाडला. सकाळपासून मी दुकानात बसून होते, पण हातात काम ठरत नव्हतं. एक किल्ली दोनदा उलटी घासली. सासऱ्यांची कानस फडक्यात गुंडाळली, पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली. रडू येत होतं आणि रडायचाही राग येत होता. वर सभागृहाची खिडकी बंद होती. विषय सात होते, कारंजं शेवटचं.

अकराच्या सुमाराला वर धडाधड आवाज सुरू झाले. मग खिडकी उघडली आणि केमिस्टचं लालबुंद तोंड बाहेर आलं.

"किल्लीवाल्या बाई! लवकर वर या! किल्ली मोडली कुलपात!"

झालं होतं असं की केमिस्टनं सवयीप्रमाणे तीन कप चहा घेतला होता. सहाव्या विषयाला त्याला तातडीनं बाहेर जावंसं वाटलं. घाईघाईत किल्ली पिरगाळली आणि अर्धी हातात आली.

मी जागची हलले नाही. "कोण किल्लीवाल्या बाई?" मी खालूनच ओरडले. "इथं तर मोकळा कोपरा आहे! तुमच्या कारंज्याला विचारा!"

शिंपी दारात येऊन उभा राहिला. चष्मेवालाही आला. बघता बघता वीस-पंचवीस माणसं जमली.

"बाई, थट्टेची वेळ नाही हो!" केमिस्ट कळवळून म्हणाला.

"माझं दुकान चहात बुडवलंत तेव्हा होती का?"

"म्हणजे ती साखर..." त्यानं तोंडावर हात ठेवला. "म्हणूनच! म्हणूनच ती चिकट लागली!"

लोक पोट धरून हसत होते. मलाही हसू फुटत होतं, पण मी दाबलं. एवढ्यात केमिस्टला बाजूला सारून वन्सं खिडकीत आल्या.

"वहिनी, कुलूप उघडायच्या बदल्यात तुम्हाला काही हवं असेल, तर येऊ नका. आम्ही इथेच बसू. संध्याकाळपर्यंत बसू. पण दबावाखाली समिती काहीही ठरवणार नाही."

मागून केमिस्टचा "अहो, संध्याकाळपर्यंत काय!" असा आर्त स्वर आला.

बघा ही बाई! दार बंद, गाव हसतंय, आणि हिच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. खूप राग आला मला. पण खरं सांगू? थोडा अभिमानही वाटला. दुसरं कुणी असतं तर खिडकीतूनच म्हणालं असतं, उघडा, तुमचं काम करून टाकतो. आणि उद्या दुसऱ्यासाठी तेच दुकान पाडलं असतं.

"काही नको मला," मी म्हटलं आणि चिमटा, तार, कानस घेऊन जिना चढले.

बाहेरून तार घालून मोडका तुकडा आत ढकलला, कुलूप फिरवलं, दार उघडलं. दोन मिनिटांचं काम. केमिस्ट असा सुटला की शिपाई भिंतीला चिकटला म्हणून वाचला. पोस्टमास्तर या सगळ्या गोंधळात खुर्चीत झोपले होते. मी मॉडेलकडे पाहिलंसुद्धा नाही. मला ते बघवलं नसतं. मी परत निघाले.

"थांबा," वन्सं म्हणाल्या. "इंजिनिअरसाहेब, इतिवृत्तात लिहून घ्या. बैठक चाळीस मिनिटं खोळंबली, त्याचं कारण लिहायला हवं."

"एवढं कशाला, मॅडम? तांत्रिक अडचण म्हणतो."

"बाहेरची व्यक्ती सभागृहात आली की व्यवसाय आणि पत्ता लिहायचा असा नियम आहे. व्यवसाय?" त्यांनी माझ्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं.

"तुम्हाला माहीत नाही होय!" मी फणकारले. "कुलूप-किल्लीची कामं."

"पत्ता?"

"मुख्य चौक, नगरपालिकेच्या जिन्याच्या कोपऱ्यातलं दुकान. एकतीस वर्षं."

इंजिनिअरनं लिहिलं. केमिस्ट प्रसन्न मुद्रेनं परत आला, त्यानं सही केली. पोस्टमास्तरांना उठवून सही घेतली. इंजिनिअरनं केली. वन्संनी शेवटी केली, आणि फुटपट्टी ठेवून सहीखाली रेघ ओढली.

"आता विषय सात. कारंजं," त्या म्हणाल्या. मी दारातच थांबले. "कारंजं नामंजूर करावं लागेल."

"का?" इंजिनिअर उडालाच. "जागा मोकळी आहे, मॅडम! मॉडेल बघा!"

"इतिवृत्त बघा. चौघांच्या सह्या आहेत. त्या कोपऱ्यात दुकान आहे आणि तिथून आत्ता एक बाई उठून वर आली आहे. कारंज्यातून आली असती तर ओली असती."

इंजिनिअरनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी ठणठणीत कोरडी होते. केमिस्टनं सगळ्यात आधी हात वर केला.

मग वन्सं खाली वाकल्या, मोडक्या किल्लीचा तुकडा उचलला आणि मॉडेलच्या मोकळ्या कोपऱ्यात उभा खोचला. "नवा ठोकळा येईपर्यंत हे दुकान समजावं," असा ठराव झाला. इंजिनिअरनं सवयीनं फुटपट्टी लावली आणि म्हणाला, "मॅडम, या मापानं यांचं दुकान दुमजली होतंय." चष्मेवाल्याला हे कळल्यापासून तो माझ्याशी बोलत नाही.

रविवारी वन्सं छत्री न्यायला आमच्याकडे आल्या. जेवायला थांबल्या. मी ताट वाढलं, पण आभार मानायला तोंड उघडेना. आमच्यात तशी पद्धतच नाही. त्यांनीच सुरुवात केली.

"वहिनी, इतिवृत्तात एक चूक आहे. तुम्ही एकतीस वर्षं म्हणालात. बत्तीस झाली."

"एकतीस."

"बत्तीस. मी नववीत होते. पहिल्या दिवशी तुम्हाला दाराच्या फळ्या काढता येईनात म्हणून रडायला लागला होतात. बाबा दूर उभे होते, तुमचं तुम्हाला जमू दे म्हणून. मी दप्तर खाली टाकून दुसरं टोक धरलं. शाळेला उशीर झाला म्हणून छडी खाल्ली."

मला आठवलं. फळ्या आठवल्या, तिच्या दोन वेण्या आठवल्या. छडीचं तेवढं आजवर माहीत नव्हतं.

"मग त्या दिवशी तिथंच का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"अध्यक्षाला कसं माहीत असणार?" असं म्हणून तिनं ताटातला शेवटचा घास घेतला. "दुरुस्ती हवी असेल तर मंगळवारच्या आत लेखी अर्ज द्या."

"देते हं, देते," मी डोळे पुसत म्हटलं, आणि तिनं नको नको म्हणत हात आडवा धरला तरी तिच्या ताटात भात वाढला.