चांदणीचा क

बुधवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मुर्ध्याच्या बालवाडीत चौदा मुलांच्या बोलण्याची तपासणी संपली. अकरा मुलं नापास झाली.

रसिकाने आकडा पुन्हा मोजला. अकराच. भाईंदर पूर्वेला तिचं छोटं स्पीच थेरपीचं क्लिनिक होतं आणि सात वर्षांत एका वर्गात इतका वाईट निकाल तिने पाहिला नव्हता. पद्धत साधी होती. मुलाला एकेक करून तीस चित्रं दाखवायची, मूल जे म्हणेल ते जसंच्या तसं लिहायचं. मुलाने काय म्हणायला हवं होतं ते लिहायचं नाही, कारण कान लबाड असतो, सवयीने दुरुस्त करून ऐकतो. पाचपेक्षा जास्त चुका झाल्या की नाव यादीत. यादीतल्या मुलांना सोमवारपासून याच वर्गात बारा मोफत सत्रं मिळणार होती. पालकांच्या सह्यांसकट यादी संध्याकाळी सहापर्यंत या सत्रांचा खर्च उचलणाऱ्या संस्थेकडे पाठवायची होती.

बालवाडीच्या हंसाताईंनी यादीवर नजर टाकली आणि त्या पदराआड हसल्या. "मॅडम, ही यादी बाहेर वाचू नका हां. बाहेर महिपतबाबा बसलेत."

पण महिपतबाबा बाहेर बसलेले नव्हतेच. ते दारात उभे होते. एकेकाळी त्यांचं स्वतःचं मिठागर होतं. आता मिठागर नव्हतं, पण खाडीपलीकडे ऐकू जाईल असा आवाज शिल्लक होता. नात चांदणीला घ्यायला ते आणि सून सुलू आले होते.

"चवदातली अकरा?" बाबा म्हणाले. "बाय, अख्खा गाव तोतरा हाय का आमचा?"

"तोतरी नाही हो बाबा. काही अक्षरं चुकतायत. ळ, ण, ड..."

"आनि कोन बोलतं इथं बरोबर? मना दाखव चित्रं. माजी पन परीक्षा घे."

नाही म्हणायची सोय नव्हती. बाबा मुलांच्या बुटक्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीला लावून बसले. रसिकाने चित्रं दाखवायला सुरुवात केली. कावळ्याला बाबा म्हणाले "कावला", घोड्याला "घोरा", बाणाला "बान", फणसाला "फनस". तीस चित्रांत नऊ चुका. फॉर्मच्या हिशेबाने वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी महिपतबाबांना तातडीच्या उपचारांची गरज होती.

"लिव माजा नाव," बाबा म्हणाले. "सोमवारी डबा घेऊन येतो." वर्ग हसून लोळला. हंसाताईंना तर टेबलाचा आधार घ्यावा लागला.

रसिकाही हसली, पण तिचे कान तापले होते. कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकलेली गोष्ट ती विसरली होती. मुलाचं बोलणं छापील पुस्तकाशी ताडायचं नसतं, त्याच्या घरातल्या मोठ्यांशी ताडायचं असतं. जीभ वर वळवून काढायच्या ट, ठ, ड, ढ, ण यांना जुन्या व्याकरणात मूर्धन्य म्हणतात. त्यातल्या ण ला मुर्धा गावाने कधीच रजा दिली होती आणि गावाचं काही अडलं नव्हतं. मुलांना ण जमत नव्हता असं नाही. त्यांना तो कुणी दिलेलाच नव्हता.

तिने यादीवर तिरकी रेघ मारली. "चूक माझी झाली," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "फॉर्म शहराचा, बोली मुर्ध्याची. आता बाबा म्हणतील ते बरोबर धरून पुन्हा तपासते."

"हा, आता बोललीस!" बाबा म्हणाले.

वीस मिनिटांत नावं गळत गेली. अकरांची चार झाली, चारांची दोन. त्या दोघांतल्या एकाचे पुढचे दोन दात पडले होते, तेवढंच. राहिली एकटी चांदणी. वय पाच वर्षं, दोन महिने.

रसिकाने सुलूला बाजूला घेतलं. सुलूने बोलणं पूर्ण होऊ दिलं नाही.

"मॅडम, आताच तुम्ही बोललात ना, चूक तुमची होती? मग आता पुन्हा कसं काय आमचीच पोरगी?"

प्रामाणिकपणाची किंमत अशी ताबडतोब वसूल होते.

"जूनमध्ये पहिलीत जायची आहे," सुलू खालच्या आवाजात म्हणाली. "आत्ताच नावापुढे काही लागलं तर शाळेत तिला वेगळी बसवतील. मला नको यादीबिदी."

"वेगळी बसवू नये म्हणूनच म्हणतेय मी. एक मिनिट द्या. बाबा, या जरा इकडे. कावळा म्हणा."

"कावला."

"चांदणी, तू म्हण."

"तावला," चांदणी म्हणाली.

"गाय?" रसिकाने विचारलं. बाबा म्हणाले, "गाय." चांदणी म्हणाली, "दाय." मग बाबांची "गारी" आणि तिची "दारी", बाबांचा "घोरा" आणि तिचा "धोरा".

"कावलातला शेवटचा ला बघा, तो दोघांचा सारखाच," रसिका म्हणाली. "तो तुमचा, गावचा. त्याला मी हात लावणार नाही. फरक फक्त सुरुवातीला आहे. क, ख, ग, घ घशाजवळ तयार होतात. त, थ, द, ध दातांपाशी. हिची जीभ मागे जायचा कंटाळा करते, पुढेच काम उरकते. लहानपणी पुष्कळ मुलं असं करतात, पण साधारण चौथ्या वर्षापर्यंत ते सुटतं. हिचं सुटलेलं नाही."

"ती लारानं बोलतं," बाबा म्हणाले, पण आवाज खाडीपलीकडे जाणारा नव्हता.

"घरी केळं मागितलं तर काय म्हणते?"

"तेला," सुलू म्हणाली. "आम्हीपण तेलाच म्हणतो. बाबांनी तर भाजीवाल्याकडे पण तेला मागितला होता."

"गोर लागतो ऐकायला," बाबा पुटपुटले.

रसिकाने चटई अंथरली आणि चांदणीला उताणं झोपवलं. उताणं झोपलं की जीभ आपोआप मागे घसरते, ही या धंद्यातली जुनी युक्ती. "आता पाणी नसताना गुळणी कर. आ कर, वर पंख्याकडे बघ."

चांदणीने तोंड उघडलं. बाबाही वाकून तोंड उघडून बसले. पहिल्यांदा त, दुसऱ्यांदा त. तिसऱ्यांदा ती नुसतीच हसली. सातव्या वेळी तिच्या घशातून काहीतरी कोरडं, छोटं, तुटक निघालं.

"क्."

सुलूने हातातली पिशवी खाली ठेवली. "परत म्हण बाय."

"त," चांदणी म्हणाली.

"होईल," रसिका म्हणाली. "एकदा आला म्हणजे रस्ता आहे. बारा सत्रांत पक्का व्हायची शक्यता आहे. खात्री देत नाही." फॉर्म तिने पुढे केला. "शाळेला हा कागद जात नाही. फक्त माझ्याकडे आणि संस्थेकडे राहतो."

सुलूने फॉर्म दोनदा वाचला. मग म्हणाली, "हिच्या पप्पांना विचारावं लागेल. ते डोंगरीला कामावर आहेत, फोन उचलत नाहीत. संध्याकाळी सहीचा फोटो पाठवते." फॉर्मची चौघडी करून तिने पर्समध्ये टाकली.

दुपारभर रसिका भाईंदरच्या क्लिनिकमध्ये होती. चार वाजता तिने सुलूला मेसेज केला. वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. पाच वाजता संस्थेच्या माणसाचा फोन आला. "मुर्ध्याची यादी?"

"एकच नाव आहे. सहीसाठी थांबलेय."

"चौदात एकच? मग जाऊ दे ना मॅडम, एकासाठी कशाला तिथे जाताय?"

"एकीसाठी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पाच वाजून बावन्न मिनिटांनी सुलूच्या नंबरवरून अकरा सेकंदांचा व्हॉइस मेसेज आला. आधी महिपतबाबा दणदणीत म्हणाले, "कावला." मग चांदणी, "तावला." पुन्हा बाबा, आता सावकाश, "क... कावला." मग पंख्याची घरघर. शेवटी चांदणीचा एक शब्द, आणि तो पुरा व्हायच्या आत रेकॉर्डिंग तुटलं.

रसिकाने ते तीनदा ऐकलं. पहिल्यांदा तिला क ऐकू आला, दुसऱ्यांदा त. तिसऱ्यांदा तिला काय ऐकायचं आहे ते तिला कळलं, म्हणून तिने फोन उलटा ठेवला आणि वहीत लिहिलं, "अस्पष्ट."

सहा वाजता यादी गेली. यादीत चांदणीचं नाव होतं. सहीचा रकाना रिकामा होता.