दहा माणसं आणि एक कुलूप

प्रार्थनाघराचा राखणदार चार दिवस दारोदार फिरत होता. रविवारी तपासनीसबाई येणार होत्या. दहा श्रद्धाळू भरले नाहीत, तर प्रार्थनाघराला कुलूप लागणार होतं. आणि मागच्या ज्या खोलीत तो बावीस वर्षं राहत होता, तीही त्याच कुलपात जाणार होती.

"काका, माझा देव आता माझ्या आतच असतो," शिंपीणबाई म्हणाल्या.

"मग त्यालाही घेऊन या की! तासाभराचं तर काम आहे," राखणदार काकुळतीला आला.

माणसं भली. रविवारी मोजून दहा आली. दहावी त्याची स्वतःची लेक, जी हल्ली इथे न येता आपल्या घरच्या बाल्कनीतच डोळे मिटून बसायची. राखणदाराचा जीव भांड्यात पडला.

तपासनीसबाईंनी एकेकाला विचारलं, "श्रद्धेने आलात ना?"

आता पंचाईत अशी, की इथलं येणं सोडल्यापासून या सगळ्यांनी आपापल्या मनाने एकच नियम धरला होता: खोटं बोलायचं नाही.

"नाही हो, काकांसाठी आले," शिंपीणबाई म्हणाल्या. पुढच्या आठांनीही तेच सांगितलं. राखणदाराने लेकीकडे डोळ्यांनीच गयावया केली.

"बाबांसाठी," ती रडत म्हणाली.

तपासनीसबाईंनाही गहिवरून आलं. "इतकी चांगली माणसं एका छपराखाली मी कधी पाहिली नाहीत," त्या म्हणाल्या आणि त्यांनी कुलूप मागितलं.

कुलूप राखणदारापाशीच होतं. आदल्या दिवशीच त्याने त्यात तेल घातलं होतं. कामात हयगय त्यालाही जमत नसे.