दम कानानं ऐकायचा असतो

देवराव कबड्डीचा पंच होता, आणि कबड्डीच्या पंचाला कान लागतात. चढाईवर गेलेल्या गड्याचा ‘कबड्डी, कबड्डी’चा दम मधेच तुटला की तो बाद. आता तुटला हे पंचानं ऐकायचं, आणि देवरावचे कान तर खाणीत सुरुंगाच्या कामावर वीस वर्षं काढून केव्हाच गेले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून तो गप्प राहिला. लोकांचे ओठ वाचायला शिकला आणि पाच वर्षं शिट्टी फुंकत राहिला. सोडून करणार काय? गावोगाव ‘देवरावभाऊ’ म्हणून जो मान होता, तो त्या शिट्टीचाच होता.

हे ठाऊक होतं फक्त गिरजाबाईला. सामना कुठंही असो, ती नवऱ्याच्या समोर, चुन्याच्या रेषेलगत बसायची. दम तुटला की डोक्यावरचा पदर खाली ओढायची. लोक म्हणायचे, काय बाईला कबड्डीचं वेड! कसलं वेड नि कसलं काय, घरची कामं टाकून यायची बिचारी.

त्या दिवशी भद्रावतीजवळच्या एका गावात अंतिम सामना होता. शेवटची चढाई निकेशची, म्हणजे गिरजाबाईच्या बहिणीच्या, कमळाच्या पोराची. जिंकला तर जिल्ह्याच्या चमूत जाणार होता. नात्यातला पंच कसा, असं कोणी विचारलं नाही. देवरावच्या इमानावर कोणाचाच संशय नव्हता.

चौघांनी निकेशला दाबून धरलं. तो मधल्या रेषेकडे हात ताणत होता, तेवढ्यात त्याचे ओठ घट्ट मिटलेले देवरावला दिसले. मग हात रेषेला लागला. देवरावनं सवयीनं समोर पाहिलं. पदर डोक्यावरच होता. गिरजाबाई खाली मातीकडे बघत होती.

त्यानं शिट्टी फुंकली. निकेश बाद.

सारं मैदान अंगावर आलं. मुख्य पंच लटारूनं विचारलं, “भाऊ, तुमी दम तुटताना आयकला का?”

“त्याचे ओठ मिटले व्हते. मी पाह्यलं.”

“दम कानानं आयकाचा असते, भाऊ.”

“आयकला,” देवराव म्हणाला.

मग एकाएकी सगळे त्याच्या खांद्यावरून मागं बघायला लागले. काय झालं ते त्याला कळेना. वळला तर निकेशच्या संघाचा पत्रू मागं उभा राहून तोंड फाडून त्याचं नाव घेत होता. कोणी हसलं नाही, तेच फार लागलं.

लटारू निकाल फिरवायला निघाला. पंचगिरी गेली ती गेलीच, पण हा निकाल खरा होता, आणि आता तोही खोटा ठरणार होता. देवराव बायकांकडे धावला. “गिरजे, तू आयकलं. सांग यायले. पाया पडतो तुह्या.”

कमळानं बहिणीचा हात धरून ठेवला होता. गिरजाबाईनं रडत रडत तो सोडवला आणि उभी राहिली. देवरावनं तिचे ओठ वाचले.

“दम तुटला व्हता. मी आयकला. पोरासाठी माहा जीव गुतला, मनून पदर नाई ओढला. यायले पाच वर्षापासून आयकू येत नाई. मीच सांगत असतो.”

सख्खी मावशी पोराविरुद्ध खोटं कशाला बोलेल? लटारूनं गुण समोरच्या संघाला दिला. निकेश तिथंच मातीत बसला. कमळा उठून निघून गेली. पंच खरा निघाला, असं त्या गर्दीत कोणी म्हटलंही असेल. देवरावला ते ऐकू आलं नाही.