माझ्या पोराला खुर्ची नको

पाणी वापर संस्थेची मीटिंग देवळापुढं भरली होती. हिंदुरावतात्यांनी अध्यक्ष म्हणून माझ्या दादासोचं नाव घेतलं. "ह्या गड्याला ना कुणाची भीड, ना दया. पाण्याच्या चारीवर असाच माणूस पायजे." टाळ्या पडल्या.

मी उठले. "न्हाय. माझं पोरगं नको."

"सिंधुकाकू, लोकं पोरासाठी नाक घासत्यात, आन तुमी?"

"माझं नाक हाय तितं ऱ्हाऊ द्या, तात्या. ऐका."

दोन वर्षांमागं दादासो भिगवण रोडला गाडीवरनं पडला, डोकं दगडावर आपटलं. वाचला. कुठल्या शेताला किती तास पाणी लागतं, आजही तोंडपाठ सांगतो. पण त्या दिवाळीत माझ्या सुनेच्या, मनिषाच्या, हातावर उकळतं तेल सांडलं. ती तडफडत होती आन हा म्हणाला, "चकली करपली." बारामतीच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दाखवला. म्हणाले, पुढच्या भागाला मार लागलाय; दुसऱ्याचं दुखणं ह्याला दिसतं, पण आत काही हलत न्हाय. मी दुसरीपर्यंत शिकलेली, तरी हे मला डॉक्टरांच्या आधी कळलं होतं.

घरातलं असं चारचौघांत मी जन्मात उघडं केलं नव्हतं. त्या दिवशी केलं.

तात्या म्हणाले, "अवो, पण पाणी वाटायला दया कशाला लागती?"

मी दादासोकडं वळले. "चारीच्या शेवटाला गोजरबाईचा अर्धा एकर मका हाय. पाणी कमी पडलं तर काय करशील?"

"तिला बंद. तितवर जाईस्तोवर निम्मं जिरतं. तेवढ्यात तात्यांचा ऊस भिजतो."

"बरोबर हाय की!" तात्या खूश.

"आन वैरण न्हाय म्हटल्यावर तिच्या म्हशी?"

"इकायच्या."

गोजरबाई मागंच बसली होती. एकटी बाई, दोन म्हशींच्या दुधावर जगणारी. तिनं पदर तोंडाला लावला. सगळ्यांच्या माना खाली गेल्या, तात्यांचीसुद्धा. दादासो तेवढा तिच्याकडं टक लावून बघत होता, हिशोबात काय चुकलं म्हणून.

"बघितलंत? तुमच्या माना गेल्या खाली. ज्याची मान खाली जाती त्यानंच खुर्चीवर बसावं. उद्या तात्या दवाखान्यात पडले आन हिशोबात बसलं, तर हाच त्यांचा ऊस वाळवंल."

"मग करायचं कुणाला?"

"मला."

कुणीतरी फिसकन हसलं. "काकू, तास मोजता येतील का?"

"मोजायला दादासो हाय. ठरवीन मी."

पहिला हात गोजरबाईचा वर गेला. मग एकेक करत बाकीचे. तात्यांचा शेवटी, तोही कोपरापर्यंतच.

घरी येताना मी विचारलं, "राग आला का रं माझा?"

"न्हाय. तू बरोबर बोललीस." आन पुढं चालू लागला.

राग आला असता तर मी देवाला नारळ फोडला असता.

गुरुवारी पाणी सुटलं. मी पाळी शेवटाकडनं लावली, आधी गोजरबाईचा मका. तात्या बांधावर उभं राहून बोंबलत होते. बोंबलू द्या. दादासोनं तास मोजले, मिनिटाचा फरक न्हाय.