लिंबाचा पार

जानरावांनी पार बांधला तेव्हा अख्ख्या आळीनं वाहवा केली होती. तहसील कार्यालयातून निवृत्त झालेला कारकून, हात तसा आखडताच; पण बायकोच्या वर्षश्राद्धाला त्यांनी घरासमोरच्या रस्त्यावरच्या कडूलिंबाला सिमेंटचा पार घातला. अगदी खोडाला भिडवून. वर गुळगुळीत फरशी, मधोमध संगमरवर आणि त्यावर नाव: कै. अन्नपूर्णाबाई. लिंब तिनंच लावलेला होता.

तिसऱ्या चैत्रात लिंब फुटलाच नाही. चिखलीतले बाकीचे लिंब पालवले, हा मात्र खराट्यासारखा उभा. खाली गावोगावच्या प्रवासी जीपा थांबतात, वाळकी फांदी कुणाच्या डोक्यात पडायची, म्हणून पालिकेच्या माणसानं खोडावर लाल फुली मारली. पंधरा दिवसांत तोडू म्हणाला.

जानरावांनी शेजारच्या पुष्पांजलीला बोलावलं. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिनं फरशीवर बोटानं टकटक केलं.

"काका, रोगबिग काही नाही. इकडून डांबर, तिकडून तुमचा पार. मुळायले ना हवा, ना पाणी. जीव गुदमरून राह्यला त्याचा."

"मंग?"

"पार फोडा लागते."

"तुह्या काकूचं नाव फोडू?" जानराव कडाडले. "जाय, घरी जाय!"

दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! गेलेल्या बाईच्या नावापायी तिचं जितं झाड आपणच मारत होतो, याची त्यांना मनस्वी लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते लोखंडी सब्बल घेऊन निघाले. दुसऱ्याच घावाला संगमरवर दुभंगला. म्हातारा भर रस्त्यात ढसाढसा रडला, पण हात थांबले नाहीत. समोरचा भाजीवाला रंगराव तागडी टाकून फावडं घेऊन धावला. खालची माती विटेसारखी घट्ट झाली होती. ती मोकळी केली, शेणखत घातलं, ऐसपैस आळं केलं. पुष्पांजली न बोलावता आली आणि तिनं पालिकेकडून महिन्याची मुदत आणली.

वैशाखात तीन फांद्या वाळलेल्याच राहिल्या, त्या छाटल्या. उरलेल्यांवर मात्र तांबूस पालवी लवलवली. फुली मारणारा माणूस आला, मान वर करून बघत राहिला आणि राहू द्या म्हणाला.

बायकोचं नाव स्वतः फोडणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट तोवर गावभर झाली होती. एका दुपारी जानराव आळ्यात पाणी घालत होते. उंद्री गावाहून आलेली जीप थांबली आणि ड्रायव्हर ओरडला,

"चला, अन्नपूर्णाबाईचा लिंब! उतरा पटापट!"

जानराव बादली धरून उभेच राहिले. संगमरवर होता तोवर ते नाव कुणी वाचलंसुद्धा नव्हतं.