मायेचे नाव

बुसिंगेने ओढ्यातला एक दगड उचलला, तळहातावर तोलला आणि परत पाण्यात टाकला. त्याला धार होती. दुसरा फारच लहान निघाला, लागलाच नसता. गुडघाभर पाण्यात वाकून तो मुठीत मावतील असे गोल, गुळगुळीत दगड निवडत होता. दुखले पाहिजे, पण रक्त निघता कामा नये. असा दगड देवाने घडवला आहे की नाही कोण जाणे. सात दगड झाल्यावर त्याने झोळी खांद्याला अडकवली.

काठावर त्याचा मेहुणा मुगेन्यी उभा होता. अंगात उसाच्या मळ्यावरच्या राखणदाराचा खाकी सदरा, हातात भाला.

"आत्वूकी दाजी, सोमवार विसरू नका," तो म्हणाला. "मुकादम चौघांना घेऊन उसात शिरणाऱ्या चिंपांझींना मारायला येणार आहे. कुत्रीपण आणणार."

"त्या चौघांत तू आहेस?"

मुगेन्यीने भाल्याचे टोक मातीत रुतवले. "आहे. मी नाही म्हटलं तर दुसरा येईल, आणि त्याला तुमची ओळखदेखील नसेल."

"मग नेम चुकव."

"मी चुकवीन हो. बाकीचे तिघं?" त्याने भाला मातीतून उपसला. "तुमच्या त्या मादीचा थोरला मेला तेव्हा मी तिथंच होतो. माणूस भाला घेऊन दहा पावलांवर आला, तरी तो उठला नाही. हातातला ऊस खाली ठेवला आणि दंड खाजवत बसला. कर्रकर्र. अगदी तुम्ही बसता ना, तसा."

ते खाजवणे बुसिंगेचेच होते.

अकरा वर्षांपूर्वी अभ्यासकांची छावणी या जंगलात पडली, तेव्हा चिंपांझींना माणसाची सवय लावायचे काम त्याच्याकडे आले. तोवर नुसती माणसाची चाहूल लागली, तरी ते पसार होत. बुसिंगे लांब बसून राहायचा. डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, पाला तोडून चघळल्यासारखे करायचे आणि मोठ्याने अंग खाजवायचे, कारण निवांत असलेला चिंपांझी तसेच करतो. साडेचार वर्षे त्याने हे केले. गावात लोक त्याला 'खरजुल्या' म्हणू लागले. मग एके दिवशी एक मादी पळायची थांबली. ती थांबली म्हणून सगळी टोळी थांबली.

छावणीच्या कागदांत तिला एक आकडा होता. बुसिंगेने तिला मायेचे नाव दिले. युगांडातल्या या बुन्योरो मुलखात प्रत्येकाला जन्मनावाखेरीज असे एक नाव असते, ठरलेल्या दहाबारा नावांतले; बुसिंगेचे होते आत्वूकी. ते घेतल्याशिवाय साधी विचारपूसही होत नाही. आणि ते घेऊन हाक मारली, की उगारलेला हात खाली यायलाच हवा. भांडणाऱ्या भावांना म्हातारी माणसे हेच सांगतात. जंगलातल्या जनावराला असले नाव देणे म्हणजे शुद्ध वेडेपणा. पण रोज समोरासमोर गाठ पडते, तर मुक्याने कसे बसायचे, म्हणून बुसिंगेने तिला आब्वोली म्हटले. "सवतीला माझ्याआधी हाक मारता," असे म्हणून त्याची बायको काबागेन्यी त्याला अजून चिडवायची.

छावणी उठून दोन वर्षे झाली होती. अंजिराची झाडे कोळशाच्या भट्ट्यांत गेली, जंगल ओढ्याकाठच्या पट्ट्यापुरते उरले आणि ऊस अगदी त्याच्या अंगाला येऊन भिडला. भुकेल्या पोटाला कसला बांध आणि कसली हद्द! वनखात्याच्या कचेरीत बुसिंगे तीनदा जाऊन आला होता. तिन्ही वेळा 'बघू' एवढेच उत्तर मिळाले.

मुगेन्यी मळ्याकडे वळला आणि बुसिंगे ओढ्याच्या कडेने आत शिरला.

टोळी फार लांब नव्हती. आब्वोली एका पडलेल्या खोडाला टेकून बसली होती. सहा महिन्यांचे पिल्लू तिच्या पोटाशी होते. बाकीचे मागच्या झाडीत पाला खात होते. बुसिंगेला बघून तिने मान वळवली, निवांत अंग खाजवू लागली, आणि सवयीने त्याचाही हात स्वतःच्या दंडाकडे गेला. त्याने तो मधेच आवरला.

त्याने झोळीतून दगड काढला. नेम चुकावा असे हाताला फार वाटत होते. तरी दगड तिच्या खांद्यावर बसला.

आब्वोली किंचाळून उभी राहिली. अंगावरचा केस न् केस ताठ झाला. पण ती बुसिंगेकडे बघतच नव्हती. त्याच्या पाठीमागच्या झुडपांकडे, उसाकडे, डावीकडे, उजवीकडे तिची नजर भिरभिरली. मग पिल्लाला एका हाताने पोटाशी दाबून ती धावली ती सरळ त्याच्याकडेच, आणि त्याच्या बाजूला हातभर अंतरावर, त्याच्या आडोशाला येऊन बसली. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता.

बुसिंगेच्या ध्यानात आले. हिला वाटते, मारणारा दुसराच कोणीतरी आहे. असे सातशे दगड मारले, तरी ही येऊन आपल्याच मागे लपणार. आणि सोमवारी भाला घेऊन माणूस आला, तर त्याच्याकडेही याच भरवशाने बघणार.

तो उठून चार पावले मागे सरला. दुसरा दगड त्याने हात उंच करून, तिला दिसेल असा धरला. ती पाठमोरी होती, अजून उसाकडेच बघत होती.

"आब्वोली," त्याने हाक मारली.

ती वळली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्याने तिच्या डोळ्यांत डोळे घातले. तपकिरी होते. त्याने दगड मारला.

तो तिच्या छातीवर, पिल्लाच्या डोक्यापासून चार बोटांवर बसला. ती लगेच ओरडली नाही. तोंड उघडे ठेवून एकदा त्याच्या हाताकडे आणि एकदा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने जी आरोळी ठोकली, तिने झाडीतला सगळा पाला हलला. पिल्लू, मोठी, म्हातारी, सगळीच्या सगळी टोळी ओढ्यापलीकडे नाहीशी झाली. उरलेले पाच दगड बुसिंगे रिकाम्या झाडांवर भिरकावत राहिला. तोंडाने घाण घाण शिव्या देत होता आणि रडत होता.

सोमवारी संध्याकाळी मुगेन्यी घरी आला तो हसतच.

"दाजी, अहो काय सांगू! आम्ही बांधावर पोचलो न पोचलो, तोच तिनं एकदा भुंकल्यासारखा आवाज काढला आणि सगळे पसार. पार पलीकडच्या दलदलीत घुसले. कुत्र्यांनासुद्धा माग लागला नाही. मुकादम दिवसभर शिव्या घालत होता. मी तर भाला उचललाही नाही."

"मी होतो तिथं," बुसिंगे म्हणाला. "ओढ्याच्या अलीकडे. मला बघून पण पळाली."

"मग चांगलंच झालं की!" काबागेन्यी म्हणाली. तिने त्याच्यापुढे नाचणीचा गोळा आणि घेवड्याची आमटी ठेवली. "घ्या, जेवा आता. दोन दिवस पोटात काही नाही तुमच्या. घ्या ना, आत्वूकी."

त्याचा हात ताटाशी जाऊन थांबला.

"त्या नावानं नको," तो म्हणाला. "थोडे दिवस मला नुसतं बुसिंगे म्हण."