सिंह नसलेली किटली

एनिडला पुरून आठवडाही झाला नव्हता, तोच तिची बहीण ब्युला सांत्वनाला आली आणि तिने थेट चहाच्या किटलीलाच हात घातला.

"आईची चांदी आमच्याच घरात राहायला हवी, क्लिफर्ड." तिने रिकामी किटली उलटी केली. "बघ, चार शिक्के. अस्सल आहे."

एनिडच्या नवऱ्याने, क्लिफर्डने, शेफील्डच्या कारखान्यात तीस वर्षं अशाच किटल्यांवर चांदीचा मुलामा चढवला होता. बुडाशी ढालीच्या आकाराच्या चार चौकटींत चार अक्षरं ठोकली की गिऱ्हाईक खूश होतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. एनिडही खूश होती, म्हणून तो कधी बोलला नव्हता. दर रविवारी घासून घासून तिने किटलीच्या पोटावरचा मुलामा उडवला होता. आतला पिवळट धातू दिसत होता.

"यात सिंह कुठाय?" त्याने विचारलं. "खऱ्या चांदीवर सिंहाचा शिक्का असतो. हा नुसता मुलामा आहे."

"म्हणजे एनिड आयुष्यभर आम्हाला चांदी म्हणून सांगत राहिली?"

"तिला तसंच वाटायचं. मी गप्प बसलो."

ब्युलाने किटली खाली ठेवली आणि बोटं रुमालाला पुसली. "मग राहू दे तुलाच. तिची आठवण म्हणून."

"मोठं मन आहे तुझं," क्लिफर्ड म्हणाला. त्याच किटलीत त्याने चहा केला आणि त्या पिवळ्या डागावर फडकं धरून तळहात टेकवत तो ब्युलाला चहा ओतू लागला.